पैनगंगेच्या मधोमध अडणारं इंजिन

वऱ्हाडात जाऊन आलो म्हटलं की पुण्याची मंडळी एकतर लोणारचं सरोवर पाहिलंत का असं विचारतात, नाहीतर ऊन फार ना हो तिकडे, असं म्हणून विषय मिटवतात. मी सरोवर पाहिलं नाही. सुलतानपूरला लोणारचा फाटा फुटतो, तिथे नेमकी मला झोप लागली होती. मी पाहिली ती पैनगंगा, तीही पुरातली, आणि बराच वेळ एका म्हाताऱ्या इंजिनामागे ओणवा बसून. देवळं, लेणी, शिलालेख यांच्या आशेनं कोणी हे वाचायला घेतलं असेल तर त्यानं आत्ताच खाली ठेवावं, माझी काही हरकत नाही.

इंजिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा. पावसाळ्यात कापसाचे जिन बंद असतात, तेव्हा त्यांची इंजिनं खोलून, झिजलेलं बदलून, दिवाळीच्या आत पुन्हा उभी करायची असतात. त्याच कामासाठी मी जालन्याला गेलो होतो. लढाई संपून दोन-एक वर्षं झाली होती, पण पेट्रोल अजून चिठ्ठीवरच मिळत होतं. गणपती बसले त्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकाशी एक उंच माणूस येऊन उभा राहिला. तो आत येईना की कोणाशी बोलेना. दोन तासांनी मीच कंटाळून त्याला विचारलं, तेव्हा कळलं की तो माझ्यासाठीच आला होता.

त्याचं नाव उकंडा भोई. मेहकरच्या पुढे काही कोसांवर पैनगंगेच्या घाटावर त्याची नाव चालते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या हकिकतीत एक विहीणबाई आहेत आणि त्यांच्या मुलाला वाचता येतं. डोणगावच्या एका हौशी देशमुखांनी लढाईनंतर मोडीत निघालेल्या सामानातून नावेच्या मागच्या फळीला टांगायचं एक इंजिन आणलं होतं. बदकांची शिकार करायची म्हणून आणलं. इंजिनाच्या आवाजानं बदकं आधीच उडून जातात हे दोन रविवारी कळलं, आणि देशमुखांनी ते उकंडाला देऊन टाकलं. पावसाळा लागल्यापासून पोळ्यापर्यंत ते बिनबोभाट चाललं. पोळ्यानंतर बिघडलं.

काय बिघडलं ते त्यानं असं सांगितलं, "हळू चालवलं तं चालते. पुरं सोडलं तं वाघावानी पळते. मधात आनलं का घुसमटते, साहेब. आन् मले मधातच पाह्यजे."

त्याचं म्हणणं खरं होतं. ती नाव म्हणजे रुंद, सपाट, भाकरीच्या काठवटीसारखी. माणसं भरून इंजिन पुरतं सोडलं की मागची फळी दबते आणि पाणी आत येतं. हळू ठेवलं तर धार तिला खालच्या खडकांकडे नेते. मधली चाल हीच तिची चाल. पोळ्यानंतर दोनच दिवसांनी, श्रावणात माहेरी आलेली उकंडाची मुलगी कौशी सासरी परत निघाली होती. ऐन धारेत इंजिन घुसमटून बंद पडलं आणि नाव माणसांसकट वाहत गेली. खडकाच्या अलीकडे एक बाभूळ पाण्यात वाकली होती, तिच्यात अडकली म्हणून सगळी वाचली. पलीकडच्या काठावर कौशीची सासू सुनेला घ्यायला आली होती. तिनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि तिथेच सांगून टाकलं की आमच्या घरचं माणूस पुन्हा या नावेत पाय ठेवणार नाही. त्या दिवसापासून नावेत कोणीच बसेना.

तीन दिवसांवर महालक्ष्म्या होत्या. आपल्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच या, पण वऱ्हाडात त्यांचा थाट दिवाळीपेक्षा मोठा. घराण्यातला प्रत्येक माणूस, प्रत्येक लेक त्या दिवशी घरी यायलाच हवी. उकंडाची एकुलती एक लेक नदीपलीकडे बसून राहणार होती. हे सांगताना तो फाटकाच्या खांबाकडे पाहत होता. मी शेटजींकडून तीन दिवसांची सुटी मागून घेतली.

वाटेचं फार सांगत नाही. निजामाची हद्द संपते तिथल्या नाक्यावर शिपायानं माझी हत्यारांची पेटी उघडून प्रत्येक पाना हातात धरून पाहिला आणि हे सगळं कशाला लागतं असं विचारलं. एका नावेसाठी, असं मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे आणि कोरड्या रस्त्याकडे आळीपाळीनं पाहिलं. देऊळगाव राजाला बालाजीला हात जोडले, चहा प्यालो. पुढे लागलेल्या झोपेचं वर सांगितलंच आहे.

ऋषिपंचमी

मेहकरात रात्र काढून सकाळी निघालो तेव्हा करीमभाई बरोबर आले. त्यांचं स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि या इंजिनाचा कारब्युरेटर त्यांनी आतापर्यंत तीनदा धुतला होता. माणूस बोलका. पण पुण्याहून आलेला माणूस आता काय नवं करतो ते बघायलाच ते आले आहेत, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. काळ्या जमिनीतून चालताना चिखल माझ्या बुटांना धरून बसायचा. करीमभाई आणि उकंडा चपला हातात घेऊन चालले होते. त्यांनी मलाही तसं सुचवलं होतं, पण पुण्याच्या माणसाला सूचना पटायला वेळ लागतो.

उकंडाची बायको पार्बताबाई ठेंगणी आणि फार चपळ. मी हातपाय धुवेपर्यंत तिनं ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. ठेचा मी एका घासात संपवायला नको होता. डोळ्यांतलं पाणी पुसत मी तिला तुम्ही जेवत नाही का असं विचारलं, तर ऋषिपंचमी होती. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही हा नेम आपल्याकडेही बायका पाळतात. पण पार्बताबाईपुढे त्या दिवशी एक नवाच पेच होता. घरातलं मीठ पलीकडच्या बाजारातून इंजिनाच्या नावेनं आलं होतं. ते चालेल का?

उकंडा म्हणाला, इंजिन म्हणजे काही बैल नव्हे. ती म्हणाली, "आपल्या घरी राबते नं ते? मंग बैलच झालं." आणि तिनं अळणी खाल्लं. मला फार गंमत वाटली. मी वही काढून ते लिहूनही घेतलं. त्याच वेळी डोकं चालवलं असतं तर एक बूट वाचला असता.

दुपारी मी इंजिन तपासायला बसलो. नाव काठावरच्या करंजाला दोरखंडानं बांधली आणि कारब्युरेटर चौथ्यांदा धुतला. करीमभाईंनी प्रत्येक भाग माझ्या हातात देताना तो आधी आपण कसा साफ केला ते सांगितलं. पेट्रोल फडक्यातून गाळलं. तेल किती मिसळलंय ते पाहिलं, बरोबर होतं. ठिणगीचा प्लग बदलला. मग दोरी ओढली. हळू चालवलं, छान चाललं. दांडी एका झटक्यात पुरती सरकवली, दोरखंड ताणला गेला, करंज हलला. काठावर जमलेल्या पाच-पंचवीस लोकांसमोर मी हात पुसत जाहीर केलं की कचरा होता, गेला.

गर्दीतली एक म्हातारी अगदी सौम्यपणे म्हणाली, मग तुमीच जाऊन या पलीकडे.

नाही म्हणायची सोय उरली नव्हती. उकंडा, करीमभाई आणि मी निघालो. ऐन धारेत उकंडानं दांडी मध्यावर आणली, आणि इंजिनानं खोकल्यासारखा आवाज केला, कापलं, आणि त्याचा दम कोंडला. दांडी पुढे रेटली तर पुन्हा गरजायचं, पण तेवढ्यात मागून पाणी आत. मागे घेतली की खडक जवळ. मला पोहता येतं असं मी आजवर समजत होतो. त्या पाण्याकडे पाहिल्यावर त्याबद्दल मला शंका आली. शेवटी दोघांनी वल्ही मारून नाव कशीबशी आपल्याच काठाला, अर्धा मैल खाली लावली. उतरताना माझा डावा बूट चिखलानं ठेवून घेतला. काठावरचे लोक चालत तिथवर आले होते. ते हसले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

षष्ठी

सकाळी चहा पिताना माझी चूक माझ्या लक्षात आली. ती इतकी साधी होती की सांगायला लाज वाटते. हळू पाहिलं होतं, जोरात पाहिलं होतं. जिथे दुखणं होतं तिथे मी इंजिन एक क्षणही थांबवलं नव्हतं. दांडी झटक्यात सरकवून मी त्या जागेवरून उडी मारून गेलो होतो.

मग नाव पुन्हा करंजाला बांधली आणि दांडी मध्यावर धरून ठेवली. ते घुसमटायला लागलं. आता मी नुसता बसून त्याच्याकडे पाहत राहिलो.

या इंजिनात एकच दांडी दोन कामं करते. ती सरकवली की कारब्युरेटर उघडतो, आणि त्याच वेळी वरच्या जड चाकाखाली असलेली एक थाळी थोडी फिरते, म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडावी. दांडी त्या थाळीला एका स्प्रिंगनं ओढते. दांडी मध्यावर होती, स्प्रिंग ताणली गेली होती, आणि थाळी जागची हललेली नव्हती. पेट्रोल वाढत होतं, ठिणगी मात्र हळू चालीचीच पडत होती. दांडी पुरती रेटली की शेवटी एक खुंटी येऊन थाळीला जबरदस्तीनं ढकलते, म्हणून जोरात ते चालायचं. इंजिन बंद करून मी चाकाखालून बोट घालून थाळी हलवून पाहिली. एरवी ती बोटानं फिरते. आता ती सरसानं चिकटवल्यासारखी जागची हलेना.

करीमभाईंनी चाक दोन्ही हातांनी वर उचलून धरलं, मी वरच्या नटावर लाकडी हातोडा मारला, तिसऱ्या ठोक्याला चाक सुटलं. खाली पाहिलं तर सगळं पिवळं. लाखेसारखा चकचकीत, कडक, पिवळा थर थाळीच्या कडेनं गोल बसला होता. माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी इंजिनात काळं पाहिलं आहे, तांबडं पाहिलं आहे, एकदा उंदीर पाहिला आहे. पिवळं कधी पाहिलं नव्हतं. करीमभाईंनी नखानं खरवडून वास घेतला. म्हणाले, "जवसाचं तेल हाय भाई. दरवाज्याले लावतेत ते. उन्हात वाळून काचेवानी होते." पुन्हा हुंगलं आणि म्हणाले, "आन् हळद."

उकंडानं मग पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचं सांगितलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि तूप किंवा तेलानं चोळतात. वर्षभर जू ओढून दुखलेले ते खांदे, त्यांची एवढी तरी सेवा करायची, आणि मग त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पार्बताबाईनं दोन्ही बैलांचे खांदे मळले, आणि मग वाटीतलं उरलेलं घेऊन ती नावेकडे गेली. पावसाळाभर या घराला पोसणारं तिसरं जनावर तिथे उभं होतं. त्याच्या मानेखाली, चाकाच्या अंगाला, तिनं हातानं जिरवून जिरवून चोळलं. दुसऱ्या दिवशी इंजिन तापलं, तेल आत उतरलं आणि तिथेच भाजून बसलं.

हे ऐकून मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण दसऱ्याला मी स्वतः कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो, आणि फिरत्या पट्ट्यात झेंडू अडकून एकदा अर्धा दिवस वाया गेला आहे. तेव्हा मी फार हसलो नाही.

उकंडानं माझा हात धरला. "साहेब, तिले नका सांगू. पोरगी आपल्यामुळं वाहून चालली होती हे समजलं तं ती सनाले बी जेवनार नाही." करीमभाईंनी मान हलवली. मीही वचन दिलं.

दुपारभर आम्ही रॉकेल, चिंध्या आणि बांबूची चोयटी घेऊन तो थर काढला. थाळी बोटानं फिरायला लागली तेव्हा मला जो आनंद झाला तो पुण्यात कोणाला सांगून कळायचा नाही. चाक बसवलं, आणि तिघांनी नाव धारेत नेऊन दांडी मध्यावर सोडली. इंजिन एका सुरात चाललं. पलीकडच्या काठाजवळून वळून परत आलो. काठावरच्या लोकांनी पाहिलं आणि म्हणाले, रिकामी नाव काय, कोणाचीबी चालते. बसायला मात्र कोणी पुढे आलं नाही. उकंडानं कोणाला बसा असं म्हटलंही नाही.

रात्री जेवताना मी पार्बताबाईला कारब्युरेटरच्या सुईचं दुखणं सविस्तर समजावून सांगितलं. सुई कशी झिजली होती, ती मी कशी घासली. ती मन लावून ऐकत होती. "हाव का," म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी कढी वाढली. आपण किती सफाईनं खोटं बोललो याचं मला जरा कौतुकच वाटलं.

महालक्ष्म्यांचा दिवस

सकाळी उठून पाहतो तर पार्बताबाई नवं लुगडं नेसून तयार. महालक्ष्म्या संध्याकाळी यायच्या होत्या, घरात सारवण, फुलोरा, सोळा भाज्यांची निवडणी पडली होती. ते सगळं तिनं जावेवर सोपवलं होतं. ती सरळ घाटावर आली, नावेत चढली आणि मधल्या फळीवर बसली. भोयाची बायको असून पुराच्या पाण्यात ती आजवर कधी बसली नव्हती, हे मला करीमभाईंनी हळूच सांगितलं. उकंडानं नाव सोडली. दोरी ओढायला मी मागे बसलो.

धारेत तिनं दोन्ही हातांनी फळी गच्च धरली होती आणि डोळे मिटले होते. मी दांडीवरची नजर हलवली नाही. इंजिन चाललं. पलीकडे नाव लागली तेव्हा तिला हात देऊन उतरवावं लागलं.

आवाज ऐकून काठावर माणसं आली होती. पुढे एक धिप्पाड, मोठं कुंकू लावलेली बाई उभी होती, आणि तिच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली कौशी. विहीण, म्हणजे त्यांच्या बोलीत ईनबाई. मुलीच्या आईनं मुलाच्या आईसमोर कसं उभं राहायचं हे वऱ्हाडातही पुण्यासारखंच ठरलेलं आहे, पायाकडे बघून. पार्बताबाई तशीच उभी राहिली, पण तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता.

"इंजिनची खोट नव्हती, ईनबाई. पोळ्याच्या आंधी म्या बैलाचे खांद मळले, तसं त्याचं बी मळलं. ते आत जाऊन वाळलं. पोरगी माह्यामुळं वाहून चालली होती. याईच्यामुळं नाही." शेवटचं तिनं उकंडाकडे मान वळवून म्हटलं.

उकंडानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नाही, अशी मी मान हलवली. तिला ते दिसलं असावं.

"यानं नाही सांगतलं," ती माझ्याकडे हात करून म्हणाली. "यानं त् मले सुईचं काईबाही सांगतलं. पन चिंध्या धुवून माह्याच कुपाटीवर वायत घातल्या. हळद मले ओळखू येनार नाही का, बाप्पा?"

काठावर कोणीतरी हसलं आणि मी कानापर्यंत लाल झालो. तेलकट चिंध्यासुद्धा टाकवत नाहीत म्हणून मी त्या धुऊन तिच्या कुंपणावर वाळत घातल्या होत्या, असा मी काटकसरी माणूस. पण ती हसत नव्हती. नवऱ्याच्या हाताला आणि नावेला जो बोल लागला होता तो तिनं भर काठावर आपल्या अंगावर घेतलं होतं, तेही विहिणीपुढे, आणि आता विहीण काय म्हणेल ते ऐकायला उभी होती. मला त्या क्षणी तिचा फार आदर वाटला, आणि आपल्या त्या सफाईदार खोट्याची लाज वाटली.

विहीणबाई दोन पावलं पुढे आल्या. त्यांनी नावेकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, मग पार्बताबाईकडे.

"पोरीले न्याले आल्या," त्या म्हणाल्या. "बैलाचं सांगतलं, इंजिनचं सांगतलं. मले काई जेवाले या म्हनून नाही सांगतलं."

पार्बताबाईनं पदर डोळ्यांना लावला. "या ना, ईनबाई," एवढंच ती म्हणाली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

विहीणबाईंनी लुगडं खोचलं, कौशीचा हात धरला आणि नावेत पाय ठेवला. त्यांच्या वजनानं नाव एका अंगाला कलली, तसं उकंडानं दुसऱ्या बाजूला सरकून ती सावरली. नाव धारेत शिरली. मागच्या वेळी जिथे दम कोंडला होता ती जागा प्रत्येकाला माहीत होती. दांडी उकंडाच्या हातात होती आणि ती मध्यावर होती. बाभूळ मागे गेली. कौशीनं पहिल्यांदा डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आईला विचारलं की पुरण वाटून झालं का.

अलीकडच्या काठावर गाव उभं होतं. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या दोन लेकी, एक म्हातारा, बाजाराला निघालेली दोन माणसं, आणि परवा मला पलीकडे जाऊन या म्हणणारी ती म्हातारी. नाव लागली. विहीणबाई उतरल्या, कौशी उतरली, पार्बताबाई उतरली. म्हातारी सगळ्यांच्या आधी पुढे आली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन नावेत चढली आणि मघाशी विहीणबाई बसल्या होत्या तिथे जाऊन बसली. तिच्यामागे बाकीचे चढले.

उकंडा वल्हं हातात घेऊन पुढच्या टोकाला उभा होता. नाव वाहून गेली त्या दिवसापासून घाटावर त्याचा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. तो खाकरला.

"सरका," तो म्हणाला, "कडेले नका बसू. मधात बसा."